रात्री २ वाजता टॅलीचा सर्व्हर आपोआप बंद: लाइट नाही, रॅम नाही, मग मारतंय कोण?

कापूसकोंड्या (धागाकर्ता), सोमवार रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कॉम्प्युटर, कॅमेरे, धरमकाटा, प्रिंटर असं जे जे वायरीला लागून आहे ते सगळं मी पाहतो. हंगाम जोरात आहे, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आहे, आणि नेमकं आत्ताच हे झंगट मागे लागलंय.

एक जुना टॉवर सर्व्हर आहे. ६४ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मिररमध्ये (एकीची प्रत दुसरीवर), वर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी लिनक्स प्रणाली). आधी ७ होतं, पावसाळ्यात ८ वर अपग्रेड केलं. त्यावर हे चालतं:

विंडोज सर्व्हर, टॅलीसाठी, २४ जीबी. धरमकाट्याचा डेटाबेस, लिनक्स, ८ जीबी. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, लिनक्स, आधी ८ होते, दिवाळीच्या आधी शेठनी सरकीच्या गोदामात आणखी कॅमेरे लावले म्हणून १२ केले. आणि फाइल शेअरिंगचा एक कंटेनर (व्हीएमपेक्षा हलका कप्पा), ४ जीबी.

आता दुखणं. गेल्या तीन आठवड्यांत पाच वेळा सकाळी दिवाणजींचा फोन आला की टॅली उघडत नाही. जाऊन पाहतो तर विंडोजचा व्हीएम बंद पडलेला. बाकीचे दोन्ही मजेत चालू. स्टार्ट दाबलं की विंडोज उठतं आणि इव्हेंट लॉगमध्ये कर्नेल-पॉवर ४१ दाखवतं, म्हणजे नीट शटडाउन न होता बंद पडलो. वेळ दर वेळी रात्री २ ते अडीचच्या मधली. एकदा टॅलीचा डेटा रीराइट करावा लागला, त्या दिवशी शेतकऱ्यांच्या पट्ट्या हातानं लिहिल्या. दिवाणजी तेव्हापासून माझ्याकडे नुसते पाहतात, बोलत नाहीत.

‘पॉवर’ हा शब्द वाचून मी यूपीएसच्या मागे लागलो. बॅटऱ्या बदलल्या. मग ज्याच्याकडून सर्व्हर घेतला तो म्हणाला रॅम खराब असेल. होस्ट चालू ठेवूनच दोन रात्री मेमटेस्टर चालवला, एक चूक नाही. मग तोच म्हणाला मदरबोर्ड बदला. शेठ आता त्याच्याशी भाव करून रायले. त्यांनी हो म्हणायच्या आत कोणी सांगा, अजून काय पाहू?

---

ठेचाभाकर, सोमवार रात्री ११:५८

भाऊ, लाइटच असन. आमच्याकडे रात्री २ ले कृषी फिडरची लाइट येते, सगळे पंप एकदम सुरू होतात आन् व्होल्टेज असं पडते का ट्यूबलाइट उदबत्तीसारखी दिसते.

---

कापूसकोंड्या, मंगळवार सकाळी ७:१०

हाव, मलेही तेच वाटलं होतं. पण लाइट गेली असती तर अख्खा सर्व्हर बंद पडला असता ना बाप्पा. होस्टचा, म्हणजे खालच्या मूळ मशीनचा, अपटाइम ६१ दिवस दाखवते. तिन्ही एकाच डब्यात आहेत आणि मरते फक्त टॅलीवाला.

---

नवतपा, मंगळवार सकाळी ८:०२

हीट? आमच्याकडे चंद्रपूरला उन्हाळ्यात सर्व्हर रूममध्ये कूलरची हवा मारतो आम्ही, वाळ्याच्या ताट्यांसकट. (डिस्कला दमट हवा चालत नाही, माहीत आहे, ओरडू नका.) पण आत्ता थंडीत रात्री २ वाजता हीट म्हणजे पटत नाही. माझाच प्रतिसाद मागे घेतो.

---

बांधावरचा_अॅडमिन, मंगळवार सकाळी ९:३०

कापूसकोंड्या भाऊ, तुम्ही सगळं पाहिलंत, पण गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या, आतून. विंडोजला बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. त्याच्या लेखी कोणीतरी वायर उपटली, म्हणून तो कर्नेल-पॉवर ४१ लिहितो. वायर कोणी उपटली ते होस्टच्या लॉगमध्ये असेल.

होस्टच्या शेलमध्ये जर्नलसीटीएल -के चालवा आणि त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. त्याच्या जरा वर ‘इन्व्होक्ड ओओएम-किलर’ अशी ओळ असते, तीही बघा (ओओएम-किलर म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग). या दोन ओळींची वेळ व्हीएम मेल्याच्या वेळेशी जुळली, तर मदरबोर्डचे पैसे वाचले समजा.

---

कापूसकोंड्या, मंगळवार दुपारी १:१५

सापडलं!! पाचही वेळा. शेवटच्या वेळचं: रात्री २ वाजून १३ मिनिटं, मारलेल्या प्रोसेसचं नाव केव्हीएम, अॅनॉन-आरएसएस २५२१८३४० केबी (प्रत्यक्ष व्यापलेली रॅम). म्हणजे २४ जीबी, म्हणजे टॅलीचाच. आणि वरच्या ओळीत ओओएम-किलरला हाक मारणारा म्हणून झेडएसटीडी लिहिलंय.

झेडएसटीडी म्हणजे बॅकअपचं कॉम्प्रेशन ना? रात्री २ ला बॅकअप लागतो. मग बॅकअप मेमरी खातोय का? आणि चूक बॅकअपची तर मेला टॅली काहून?

---

बांधावरचा_अॅडमिन, मंगळवार रात्री १०:२०

आता जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा नीट डोक्यात बसलं की असली भुतं पुन्हा घाबरवत नाहीत.

लिनक्स होस्टवर तुमचा प्रत्येक व्हीएम ही एक साधी प्रोसेस असते. आत विंडोज आहे, टॅली आहे, शेठचा पाच वर्षांचा हिशोब आहे, हे कर्नेलला दिसत नाही. त्याला दिसते ती केव्हीएम नावाची २४ जीबीची एक प्रोसेस. होस्टची मेमरी संपत आली की कर्नेल आधी कॅश रिकामा करतो, स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) असेल तर तिथे ढकलतो, आणि तरीही कोणाला पान (मेमरीचा छोटा तुकडा) देता आलं नाही तर ओओएम किलरला बोलावतो. किलर प्रत्येक प्रोसेसचे गुण काढतो: प्रत्यक्ष वापरातली मेमरी, स्वॅपमधली मेमरी आणि पेज टेबल, एकूण मेमरीच्या हजारात किती, असा हिशोब. ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो जातो. ही पद्धत २०१० मध्ये, कर्नेल २.६.३६ पासून आली. त्याआधीचं गणित फार गुंतागुंतीचं होतं, प्रोसेस किती वेळ चालली आहे वगैरेही त्यात यायचं.

म्हणजे किलर वजन बघतो, गुन्हा बघत नाही. त्या लॉगमध्ये तीन वेगळी पात्रं असतात आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. हाक मारणारा झेडएसटीडी. त्यानं फक्त नको त्या क्षणी एक पान मागितलं. मेला तो टॅली, कारण तो सर्वांत लठ्ठ. आणि मेमरी खरोखर खाल्ली तो बहुतेक वेळा तिसराच असतो.

तिसरा शोधायचा असा. मारल्याच्या ओळीच्या वर प्रोसेसची एक लांबलचक यादी छापलेली असते. त्यातल्या आरएसएसच्या रकान्याची बेरीज करा. तो रकाना केबीत नसून पानांमध्ये असतो, एक पान ४ केबीचं, म्हणून ४ नं गुणा. बेरीज आणि एकूण रॅम यांत मोठी तफावत निघाली, तर ती मेमरी कुठल्याच प्रोसेसकडे नव्हती, कर्नेलच्या पोटात होती.

---

ठेचाभाकर, मंगळवार रात्री १०:४१

थांबा थांबा, हे मले पंगतीवरून समजून घेऊ द्या. पत्रिकेवर सगळ्याइले ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलं. गावात ५०० माणसं, आचाऱ्यानं रोडगे-वांग्याची भाजी केली ३०० ची, काहून का सगळे काही येत नाहीत. आन् एक दिवस सगळेच आले. मंग वाढपी काय करते, पंगतीतला सगळ्यात मोठा पाटील उठवते, का एवढा एक उठला का दहा जणं बसतात. पाटलाची चूक काय, त्याले तर आवतन होतं!

बरोबर का सायेब?

---

बांधावरचा_अॅडमिन, मंगळवार रात्री १०:४८

तंतोतंत. आणि पत्रिका वाटणं म्हणजेच ओव्हरकमिट. फक्त एक भर घाला: स्वैपाकघरात आचारीही जेवतोय, आणि तो किती खातो ते कोणी मोजलेलं नाही. कापूसकोंड्या भाऊंची बेरीज आली की त्या आचाऱ्याचं नाव सांगतो.

---

कापूसकोंड्या, बुधवार दुपारी १२:३०

बेरीज केली. तिन्ही व्हीएम, कंटेनर, बाकी किरकोळ, सगळं मिळून ४८ जीबीच्या आसपास. होस्टला एकूण ६२.७ जीबी दिसते. म्हणजे १४ जीबीवर हवेत. स्वॅप शून्य, इन्स्टॉलरनं केलंच नव्हतं.

आचाऱ्याचं नाव सांगा आता. सरकीच्या ढिगावर बसून लिहून रायलो.

---

बांधावरचा_अॅडमिन, बुधवार दुपारी २:०५

झेडएफएसचा आर्क. डिस्कवरून वाचलेलं तो रॅममध्ये धरून ठेवतो. लिनक्सच्या नेहमीच्या पेज कॅशसारखंच काम, पण हिशोब वेगळा: फ्री कमांडमध्ये तो ‘बफ/कॅश’च्या रकान्यात येत नाही, ‘वापरलेली’ म्हणून दिसतो, आणि कुठल्या प्रोसेसच्या नावावरही चढत नाही. म्हणून टॉपमध्ये कितीही डोळे फाडून पाहिलं तरी दिसत नाही. आर्क_समरी चालवा, तिथे दिसेल.

तुमच्या बाबतीत मेख इथे आहे. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये आर्कची कमाल मर्यादा रॅमच्या १० टक्के, आणि काही झालं तरी १६ जीबीच्या वर नाही, अशी घालून दिलेली असते. पण तुम्ही ७ वरून अपग्रेड केलंय. अपग्रेडमध्ये ही मर्यादा लागत नाही, जुनीच चालू राहते, म्हणजे अर्धी रॅम. तुमच्याकडे ३१ जीबी.

करा गणित. व्हीएम ४४, कंटेनर ४, आर्क ३१. झाले ७९. घरात आहेत ६२.

आर्क मेमरी सोडत नाही असं नाही. दाब आला की आकसतो, म्हणूनच दिवसा तुमचं चालून जातं आणि लॉगमधल्या क्षणी तो १४ च्या घरात आलेला दिसतो. पण आकसायला त्याला वेळ लागतो. रात्री २ ला बॅकअप अख्ख्या डिस्क वाचायला घेतो, आर्क फुगतो, त्याच वेळी कॅमेऱ्यांचा व्हीएम रेकॉर्डिंग लिहीत स्वतःच्या आत कॅश भरत राहतो. गेस्टच्या आतला कॅश हा होस्टच्या दृष्टीनं कॅश नव्हेच, तो केव्हीएम प्रोसेसनं व्यापलेली मेमरी. दिवाळीत दिलेले ते ४ जीबी एका महिन्यात भरून गेले असणार. मग एखाद्या सेकंदात मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली, की पाटील उठला.

विंडोजचंही सांगून ठेवतो. विंडोज सुरू होताना मिळालेली सगळी पानं शून्य लिहून पुसतो. आत टॅलीला ६ जीबी लागत असोत की ८, होस्टकडून पूर्ण २४ उचलले जातात. आणि एकदा उचललेलं, बलून ड्रायव्हर (गेस्टमधली मोकळी मेमरी होस्टला परत देणारा) नसेल तर, परत येत नाही.

---

पांदण, बुधवार दुपारी ३:३०

एवढं कीर्तन कशाला? टॅलीच्या प्रोसेसचा ओओएम_स्कोअर_अॅडज (किलरच्या गुणांत आपण घालायची भर किंवा वजावट) वजा १००० करा, किलर त्याला हातच लावत नाही. मी आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर सगळ्या व्हीएमना लावलंय. आणि कर्नेलचं व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी हे सेटिंग २ करा, म्हणजे पत्रिकाच मोजून निघतील.

---

बांधावरचा_अॅडमिन, बुधवार दुपारी ४:१०

पांदणराव, दोन्हीला माझा विरोध आहे आणि दुसऱ्याला जास्त.

ओव्हरकमिट २ केलं की कर्नेल एकूण किती वचन द्यायचं याची मर्यादा घालतो: स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के, हा डीफॉल्ट. यांच्याकडे स्वॅप शून्य. म्हणजे मर्यादा ३१ जीबी. ४४ जीबीचे व्हीएम सुरूच होणार नाहीत. टक्केवारी वाढवता येते, पण आर्क त्या हिशोबात धड बसत नाही, त्यामुळे आकडा कितीही सुरेख निवडला तरी तो अंदाजच.

वजा १००० नं मेमरी वाढत नाही, फक्त बळी बदलतो. टॅलीला कवच दिलं की पुढचा लठ्ठ कॅमेरा, मग धरमकाटा. तुम्ही तर सगळ्यांनाच दिलंय. मग किलर उरलेल्यांत शोधणार: बॅकअप, प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या सेवा. त्याही संपल्या तर मारायला कोणी नाही म्हणून कर्नेल पॅनिक. तेव्हा एक व्हीएम जात होता, आता अख्खा होस्ट जाईल.

---

पांदण, बुधवार दुपारी ४:२५

आमचा दीड वर्षात एकदाही गेला नाही.

---

बांधावरचा_अॅडमिन, बुधवार दुपारी ४:३१

कारण तुमच्याकडे मेमरी पुरते आहे. कवचानं काहीच केलेलं नाही.

---

पांदण, बुधवार दुपारी ४:४०

🙂 बरं. पण हिशोबाचा व्हीएम आणि कॅमेऱ्याचा व्हीएम सारख्याच मोलाचे कसे? कोणी मरायचंच असेल तर कॅमेरा मरो. एवढं तरी मान्य करा.

---

बांधावरचा_अॅडमिन, बुधवार सायंकाळी ५:१५

हे शंभर टक्के मान्य, आणि त्यासाठी वजा कशाला हवंय? कॅमेऱ्याला अधिक द्या. हजारातल्या हिशोबानं टॅली ३८३ वर आहे, कॅमेरा १९१ वर. कॅमेऱ्याला अधिक ३०० दिले की तो ४९१ वर जातो आणि रांगेत पहिला उभा राहतो. टॅलीला हात लावायची गरज नाही, होस्टचं कवच अबाधित.

प्रॉक्समॉक्समध्ये हे हुकस्क्रिप्टनं करायचं. व्हीएम सुरू झाल्यावर पोस्ट-स्टार्टच्या टप्प्यावर स्क्रिप्ट चालते, तिथे व्हीएमच्या पीआयडी फाइलमधून प्रोसेसचा नंबर वाचायचा आणि त्या प्रोसेसच्या ओओएम_स्कोअर_अॅडजमध्ये ३०० लिहायचे. हातानं एकदा लिहून सोडलं तर व्हीएम पुढच्या वेळी सुरू होताना आकडा पुन्हा शून्य, हे लोक विसरतात.

---

कापूसकोंड्या, बुधवार रात्री ९:४५

मी प्रॉकमधून (कर्नेल स्वतःची माहिती फाइलींसारखी दाखवतो ते फोल्डर) ओओएम_स्कोअर वाचून पाहिला तर टॅलीचा ९२२ आला, ३८३ नाही. धरमकाट्याचा ७५१. आणि काहीच काम न करणाऱ्या फालतू प्रोसेसचाही ६६६! हा काय प्रकार? ६६६ पाहून तर हनुमान चालिसाच आठवली.

---

बांधावरचा_अॅडमिन, बुधवार रात्री १०:०२

घाबरू नका. नव्या कर्नेलमध्ये तो आकडा दाखवताना वजा बाजूही दिसावी म्हणून हजार मिळवून दोन तृतीयांश करतात. शून्य गुणांचा ६६६ दिसतो. ३८३ चे: १३८३ चे दोन तृतीयांश, ९२२. क्रम तोच राहतो, फक्त फुटपट्टी सरकली.

---

गोंदण, गुरुवार सकाळी १०:२०

मध्येच येते, क्षमस्व. आमच्या कॉलेजात (पुसदकडे) मूडल (ऑनलाइन शिकवणी-चाचण्यांचं सॉफ्टवेअर) एका कंटेनरमध्ये आहे, ४ जीबी दिलेत. होस्टवर ३० जीबी मोकळी आहे आणि स्वॅपही आहे, तरी ऑनलाइन चाचणी सुरू झाली की डेटाबेस मरतो. आमचा आर्क वगैरे नाही, साधी एक्सटी४ फाइल सिस्टिम आहे. लॉगमध्ये ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ असं आहे. हे तेच दुखणं की वेगळं?

---

बांधावरचा_अॅडमिन, गुरुवार सकाळी ११:००

ताई, वेगळं. ‘मेमरी सीग्रुप’ हे दोन शब्द आहेत म्हणजे होस्टची मेमरी संपलेली नाही, कंटेनरला आखून दिलेलं कुंपण भरलं. होस्टवर ३० काय ३०० मोकळी असली तरी उपयोग नाही. किलर अशा वेळी फक्त कुंपणाच्या आतल्यांत शोधतो, म्हणून तुमचे बाकीचे कंटेनर सुखरूप आहेत. त्या सीग्रुपच्या मेमरी.इव्हेंट्स फाइलमध्ये ओओएम_किल हा आकडा असतो, आजवर किती बळी गेले ते तिथे कळेल.

आतला सर्वांत लठ्ठ डेटाबेस, म्हणून तो मरतो, पण खाणारा बहुधा पीएचपी. पीएचपी-एफपीएमला जास्तीत जास्त किती पोरं (चाइल्ड प्रोसेस) काढायची मुभा दिली आहे ते बघा. एक पोर ६० एमबी धरा, ५० पोरं काढली की ३ जीबी गेले. उरलेल्या एकात डेटाबेस कसा राहील?

---

गोंदण, गुरुवार सकाळी ११:४०

५० नाही, १२० आहेत. कोणीतरी कुठूनतरी चिकटवलेली सेटिंग दिसते. (ते कोणीतरी बहुतेक मीच.) ३० करते. धन्यवाद सर.

---

नवतपा, गुरुवार दुपारी १:१५

स्वॅपवर कोणी बोललंच नाही. कापूसकोंड्या, ८-१० जीबी स्वॅप टाक ना भाऊ. निदान धक्का झेलायला.

पण झेडएफएसच्या आत झेडव्होल (आभासी डिस्क) करून त्यावर टाकू नको. मी तो शहाणपणा केलाय. मेमरी संपत आली की कर्नेल स्वॅपवर लिहायला जातो, लिहिण्यासाठी झेडएफएसला स्वतःला मेमरी लागते, जी नाही म्हणूनच तर आपण तिथे आलोय. मशीन ना मरतं ना जगतं. नुसतं कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का, सांगू का करत बसतं. तुझ्या आयडीवरून आठवलं.

---

कापूसकोंड्या, गुरुवार दुपारी १:३०

😄 हो काय म्हणतोस, नाही काय म्हणतोस...

एक जुनी १२० जीबीची एसएसडी पडलीय. तिच्यावर ८ जीबीचं वेगळं पार्टिशन करून स्वॅप चालेल? आणि बलूनिंगचा टिक प्रॉक्समॉक्समध्ये आधीपासून लागलेला दिसतो, मग त्यानं काहून वाचवलं नाही?

---

बांधावरचा_अॅडमिन, गुरुवार रात्री ९:१०

एसएसडीवर चालेल, स्वॅपीनेस (कर्नेल किती चटकन स्वॅपकडे वळतो तो आकडा) ६० वरून १० वर आणा म्हणजे व्हीएमची पानं उगाच बाहेर जाणार नाहीत.

बलूनचा टिक म्हणजे होस्टच्या बाजूनं तयारी. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा बलून ड्रायव्हर आणि त्याची सर्व्हिस टाकली नसेल तर फुगा फुगवणारं आत कोणी नाही. शिवाय किमान आणि कमाल मेमरी सारखीच ठेवली असेल तर मागण्यासारखं काही उरत नाही. दोन्ही तपासा.

आणि ड्रायव्हर टाकण्याआधी आर्कला लगाम घाला, हा क्रम चुकवू नका. होस्टची मेमरी ८० टक्क्यांच्या वर गेली की प्रॉक्समॉक्स गेस्टकडून मेमरी मागायला लागतो. त्या ८० टक्क्यांत आर्कही धरलेला असतो. मोकाट आर्कबरोबर बलून चालू केला तर डिस्कचा कॅश पोसण्यासाठी टॅलीच्या ताटातलं काढून घेतलं जाईल. दिवाणजी मग ‘बंद पडते’ ऐवजी ‘हळू चालते’ म्हणतील, आणि ती तक्रार शोधायला दहापट कठीण.

मी तुमच्या जागी असतो तर पहिल्यांदा आर्क ६ जीबीवर आणला असता. प्रॉक्समॉक्सच्या दस्तऐवजात २ जीबी मूळ आणि दर टीबी जागेमागे १ जीबी असा अंदाज दिलाय, तुमच्या ४ टीबीला बरोबर ६. आकडा बाइटमध्ये लिहायचा: ६४४२४५०९४४. झेडएफएस मॉड्यूलच्या पॅरामीटरमध्ये लिहिला की लगेच लागू होतो, पण रीबूटनंतर टिकायला मॉडप्रोबच्या झेडएफएस.कॉन्फमध्येही हवा, आणि तुमचा रूटही झेडएफएसवर असल्यामुळे इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) नव्यानं बनवायला विसरू नका. ही एक पायरी गाळून ‘मर्यादा लावली तरी लागत नाही’ म्हणणारे मी मोजायचे सोडून दिलेत.

दुसरं, टॅलीचे २४ कमी करा. किती जण बसतात?

---

कापूसकोंड्या, गुरुवार रात्री ९:३५

सहा. हंगामात आठ. २४ मीच दिले होते, तेव्हा रॅम मोकळी दिसत होती म्हणून. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये आजवरचा जास्तीत जास्त वापर १० च्या आत आहे.

---

बांधावरचा_अॅडमिन, गुरुवार रात्री ९:५०

मग १६ द्या. १६, ८, १२ आणि ४ मिळून ४०, आर्क ६, होस्टला स्वतःला ४, प्रत्येक व्हीएमचा वरखर्च मिळून १ धरा. ५१ झाले. ११ जीबी मोकळे राहतील, आणि ते मोकळेच राहू द्या. नवीन व्हीएम करायचा मोह होईल, शेठही विचारतील.

होस्टवर प्रॉकमधली प्रेशर/मेमरी ही फाइलही बघत चला. कर्नेल ४.२० पासून आहे. ‘सम’ म्हणजे काही कामं मेमरीसाठी अडली, ‘फुल’ म्हणजे सगळीच. ‘फुल’चा शेवटच्या ६० सेकंदांचा आकडा शून्याच्या वर जाऊन तिथेच बसायला लागला तर मोबाइलवर मेसेज जाईल अशी चार ओळींची स्क्रिप्ट लावा. किलर येण्याच्या बरंच आधी कळतं.

---

ठेचाभाकर, गुरुवार रात्री १०:०५

आन् बॅकअप रात्री २ लेच काहून? एकामागं एक लाव ना, तिन्हीचा एकदम कायले?

---

बांधावरचा_अॅडमिन, गुरुवार रात्री १०:११

एका जॉबमध्ये असतील तर ते एकामागून एकच होतात. पण ठेचाभाऊंचा मुद्दा दुसऱ्या बाजूनं बरोबर आहे: झेडएसटीडीला किती थ्रेड दिलेत ते बघा. जुन्या झिऑनवर घाई करून काही मिळत नाही.

---

कापूसकोंड्या, रविवार सकाळी ८:३०

शुक्रवारी रात्री गाड्या संपल्यावर केलं सगळं. आर्क ६, टॅली १६, एसएसडीवर ८ जीबी स्वॅप, कॅमेऱ्याला हुकस्क्रिप्टनं अधिक ३००. इनिटरॅमएफएस पहिल्यांदा विसरलोच. रीबूट केल्यावर आर्क_समरीत पुन्हा ३१ पाहून तुमचा तो मोजायचा सोडलेला माणूस मीच झालो. दुसऱ्यांदा लागलं.

दोन बॅकअप झाले. बॅकअप चालू असताना जागा राहून पाहिलं. होस्टवर सगळ्यात वरचा आकडा ५० जीबी, प्रेशरचा ‘फुल’ शून्य.

बलून ड्रायव्हर अजून टाकला नाही. हंगामात विंडोजला हात लावायची हिंमत नाही, फेब्रुवारीत जिनिंग थंडावली की पाहू.

---

पांदण, रविवार सकाळी ९:१५

मीही काल आमचे वजा १००० काढले. बेरीज केली तर ६४ पैकी ५८ वाटून झालेले निघाले. पुढच्या महिन्यात रॅम घेतोय.

---

कापूसकोंड्या, पुढच्या शुक्रवारी रात्री ११:२०

सात बॅकअप पूर्ण. टॅली एकदाही पडला नाही. मदरबोर्डवाल्याला शेठनी फोन करून नको म्हणून सांगितलं, तो म्हणाला ‘बघा, नंतर म्हणू नका’.

दिवाणजी आज बोलले. म्हणे, ‘मी तुले पैल्याच दिवशी म्हटलं होतं ना, बॅटऱ्या बदलल्यावरच बरं झालं.’ मी हाव म्हटलं आणि चहा घेतला.

---

गोंदण, शनिवार सकाळी ७:५०

आमची चाचणीही झाली, १८० मुलं एका वेळी. ओओएम_किलचा आकडा हलला नाही. ३० पोरांत भागलं.

कापूसकोंड्या, तुमच्या त्या हुकस्क्रिप्टच्या ओळी इथे टाकाल का? वणीच्या आमच्या शाखेत कॅमेरे आणि फी-काउंटर एकाच होस्टवर आहेत.

---

कापूसकोंड्या, शनिवार सकाळी ८:०५

टाकतो ताई, दुपारी. आत्ता धरमकाट्याचा प्रिंटर अडकलाय आणि फाटकावर सतरा गाड्या आहेत.